बाबांनी नारळ वाढवला तेव्हा

नारळ फोडणं हे आमच्या घरात बाबांचं काम. फोडणं म्हणायचं नाही, वाढवणं म्हणायचं, हे आईने आम्हाला बजावून ठेवलेलं. आम्ही जर्मनीत राहायचो त्या बाड हॉम्बुर्गच्या सुपरमार्केटमध्ये मिळायचा तो नारळ बाबांच्या लेखी नारळच नव्हता. एक तर त्याला शेंडी नसायची. वर त्याच्या पोटाभोवती करवतीने एक बारीक खाच पाडलेली असायची, म्हणजे गिऱ्हाइकाने हलकेच आपटला की त्याची बरोबर दोन भकलं व्हावीत. "याला काय नारळ वाढवणं म्हणायचं? हे तर डबा उघडणं झालं," बाबा म्हणायचे. ते गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. कुठली वस्तू किती जोर लावल्यावर कुठून तुटेल, हा त्यांच्या पोटापाण्याचाच विषय. पण शुभकार्याचा नारळ कुठून तुटणार हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. मग ते एस-बानची लोकल पकडून फ्रँकफर्टच्या स्टेशनाजवळच्या श्रीलंकन दुकानात जायचे, एकेक नारळ कानाशी धरून हलवायचे आणि ज्यात पाणी सगळ्यात जास्त वाजेल तो शेंडीवाला निवडून आणायचे. ते पाणी पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या घराचे आवाज मला अजून कानात ऐकू येतात. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, बाबांची रेडिओवरच्या जर्मन बातम्यांशी चाललेली हुज्जत, आणि या सगळ्याच्या खाली, दिवसभर, पॅसेजमध्ये दादाच्या चेंडूची धपधप. दुपारी एक ते तीन इमारतीत शांततेची वेळ. तेव्हा चेंडू वाजला की खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लोरेन्त्स झाडूच्या दांड्याने आपल्या छताला, म्हणजे आमच्या जमिनीला, दणके द्यायच्या. दादा त्या दणक्यांच्या तालावर आणखी दोनदा चेंडू आपटायचा आणि मग आई लाटणं घेऊन बाहेर यायची. पुढे दादा अमेरिकेला शिकायला गेला, तेव्हा फ्राऊ लोरेन्त्सनी आईला जिन्यात थांबवून विचारलं, "तो चेंडू आता कुठे असतो?" घर फार गप्प वाटतं म्हणाल्या. दादाच्या पहिल्या चाहत्या म्हणजे त्याच, असं मी आजही मानते.

दादाचं नाव निखिल. पेंडशांच्या सात पिढ्यांत कुणी दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेतलं नव्हतं. दादाने पंधराव्या वर्षी घेतलं. बाबांनी त्याला ओरडण्याऐवजी चौकटीला जुन्या गादीचा फोम चिकटवला. बाबांचं प्रेम असं सामानातून बाहेर पडायचं, तोंडातून फारसं नाही. आम्हा दोघा भावंडांना मराठी समजायची, पण उत्तरं आम्ही जर्मनमध्ये द्यायचो. आईला त्याचं वाईट वाटायचं, बाबा म्हणायचे, "कळतंय ना त्यांना? झालं तर." दादा गावातल्या बास्केटबॉल क्लबात खेळला, चांगला खेळला, आणि मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका अमेरिकन कॉलेजने त्याला बोलावून घेतलं. खेळायचं आणि त्या बदल्यात फुकट शिकायचं. मात्र ही जागा दर वर्षी नव्याने ठरायची. कोचच्या मनातून उतरलात की पुढच्या वर्षी गाशा गुंडाळायचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सामन्यात भोंगा वाजता वाजता दादाने लांबून एक बास्केट टाकला, सामना जिंकला, आणि त्या गावाने 'निक'ला डोक्यावर घेतलं.

हे आम्हाला कळायचं इंटरनेटवरून. त्या संघाच्या चाहत्यांचा एक फोरम होता, म्हणजे ज्याला जे वाटेल ते त्याने लिहायचं आणि बाकीच्यांनी त्यावर भांडायचं. घरात तो शोधून काढला मी. रविवारी दुपारी आई ओट्याजवळ मेथी निवडत बसायची आणि मी टेबलावर लॅपटॉप ठेवून तिला एकेक वाचून दाखवायची, इंग्रजीचं मराठी करत. एरवी जर्मनमध्ये उत्तरं देणारी मी मराठी शिकले ती या फोरमवर, असं म्हटलं तरी चालेल. आईला बास्केटबॉलचे नियम शेवटपर्यंत कळले नाहीत, पण माणसं बरोबर कळली. कोण चिडका, कोण नुसताच शहाणपणा करणारा, कोण एकटा आहे म्हणून दिवसभर लिहीत बसतो. तिचा लाडका होता एक निवृत्त बसचालक. टोपणनावच त्याने 'स्कूलबस' असं घेतलेलं. सामना हरला तरी पोरांना शिव्या देऊ नका, असं तो सगळ्यांना दटावायचा. "आपले बसवाले काय म्हणतायत आज?" आई विचारायची. तिच्या मनात ते अगदी आपल्या पेठेतले कुणी झाले होते.

दादा चमकला ही बातमी आमच्या मराठी मंडळाला कळायला अर्धा उन्हाळा जावा लागला. कळल्यावर मात्र मंडळाने वेळ घालवला नाही. अध्यक्ष देवधरकाका, फ्रँकफर्टच्या एका बँकेत कॉम्प्युटरचं बघायचे, त्यांनी बाबांना फोन केला. "श्रीकांतराव, निखिलचा सत्कार करायचाच. आपल्यातला मुलगा आहे!" मंडळातल्या एकालाही बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. क्रिकेट असतं तर निदान चुका तरी काढल्या असत्या. पण आपल्यातला म्हटल्यावर सगळे चाहते झाले. दादा सुट्टीला घरी आला होता आणि संघाचा सराव सुरू व्हायच्या आधी परत जाणार होता. तो यंदा पहिल्या पाचांत खेळणार, असं फोरमवर सगळे लिहीत होते. त्याला सत्कार नकोच होता. तो मला म्हणाला, "शाल घालून मी काय करू? उकडतंय." आई म्हणाली, "अरे, मोठी माणसं बोलावतायत, नाही म्हणू नये." विषय संपला.

सत्कार ठेवला शाळेमागच्या बास्केटबॉलच्या उघड्या कोर्टवर. हिरवी, रबरासारखी जमीन, दोन्ही टोकांना लोखंडी खांब आणि वर रिंग. बायकांनी आदल्या रात्रीपासून क्वार्क नावाचं इथलं घट्ट दही फडक्यात बांधून नळाला टांगलं होतं, त्याचं श्रीखंड. शिवाय पुरणपोळ्या, बटाट्याची भाजी, आणि कागदी ताटल्यांच्या चवडी वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक लोणच्याची बरणी. जेवण आधी झालं, कारण पोरं भुकेजली होती. मग देवधरकाकांचं भाषण. त्यात शिवाजी महाराज आले, जर्मन शिस्त आली, बास्केटबॉल शेवटी आला. मग शाल आणि श्रीफळ. आणि मग काका म्हणाले, "आता श्रीकांतरावांच्या हस्ते नव्या सीझनचा नारळ वाढवू!" बाबांनी त्यासाठी वेगळा नारळ आणलाच होता, कानाशी वाजवून. आज वाटतं, तो दगडावर, गवतात, कुठेही फोडता आला असता. पण आपल्याकडे नारळ फोडायचा तो जिथे काम होणार तिथेच. गाडीचा गाडीच्या चाकाशी, दुकानाचा उंबऱ्याशी. म्हणून बाबांनी तो रिंगच्या खाली, खांबाच्या लोखंडी पायथ्यावर हाणला. एका दणक्यात त्याच्या ठिकऱ्या झाल्या आणि पाणी हिरव्या जमिनीवर लांबपर्यंत उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवधरकाकूंनी दोन कागदी रुमालांनी पुसल्यासारखं केलं. "पुसलं गं, पुसलं," त्या म्हणाल्या.

पुढचं मी जवळून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "आता एक दाखव की, ते वरून लटकतात ना, ते!" दादा म्हणाला, "नको, खूप जेवलोय." मग बाबा म्हणाले. बाबा, जे कधीच कुणाला काही कर म्हणत नाहीत, ते त्या दिवशी खुशीत होते. ऊर भरून आला होता त्यांचा, आणि ते लपवायचं विसरले होते. ते म्हणाले, "दाखव रे एक. एवढी माणसं आलीयत." दादाने शाल माझ्या हातात दिली, चेंडू घेतला, तीन ढांगा टाकल्या आणि उडाला. किती सुंदर उडाला! चेंडू रिंगमध्ये दाबला, खाली आला, आणि त्याचा डावा पाय सरकला. आवाज अगदी लहान झाला, ओलं फडकं झटकावं तसा. दादा आडवा झाला. आणि टाळ्या चालूच होत्या. हाही त्यातलाच भाग आहे असं लोकांना वाटलं. त्या टाळ्या थांबायला जो वेळ लागला, तो मला अजून सहन होत नाही.

गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटला होता. इथल्याच इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, सीझन गेला, आणि तीन जिने चढून दादाला घरी आणताना बाबा मागून दोन्ही हात पसरून चालत होते, पडला तर झेलायला. त्या दोघांत तेव्हापासून बोलणं उरलं ते एवढंच: "गोळी घेतलीस?" "या." जर्मनमध्ये म्हणजे हो. दादा रागावला होता असं नाही. तो नुसता बाबांकडे बघायचा नाही, आणि बाबांना तेवढं पुरत होतं.

मंडळाने मात्र आमचं घर सोडलं नाही. रोज कुणीतरी डबा घेऊन यायचं. आंबेहळदीचा लेप आला, कुणाच्या तरी पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टर मामांचं फोनवरून मत आलं, होमिओपॅथीच्या गोळ्या आल्या. सगळे दादाच्या पायाशी बसून हळहळायचे आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की दृष्ट लागली. "एवढ्या लोकांसमोर उडाला, लागणारच!" कुणी म्हणायचं कोर्टाची जमीन खराब, कुणी म्हणायचं बुटांचा दोष. नारळाचं नाव एकाच्याही तोंडी नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. बाबांच्या समोर कोण बोलणार? भल्या मनानेच करत होते सगळे, पण बाबा त्या दयेनेच जास्त वाळत चालले होते.

शेवटी आईने दृष्ट काढायची ठरवलं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या दादावरून ओवाळून तिने तव्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट लागली होती असं समजायचं. ठसका लागला तर नव्हती. आमच्याकडे असा ठसका लागला की विचारू नका. दादा खोकतोय, मी खोकतेय, धूर जिन्यात, आणि दारात डोळे पुसत फ्राऊ लोरेन्त्स उभ्या: "मिसेस पेंडसे, आग लागलीय का?" आई पदराने तोंड झाकून "नाही, नाही, औषध आहे" म्हणत होती. त्या गडबडीत बाबा खिडकी उघडायला आले. त्यांनी तव्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे दृष्ट नव्हतीच." आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

तिकडे फोरमवर वेगळीच चूल पेटली होती. दादाने कोचला फोनवर सांगितलं होतं, घरच्या एका समारंभात पाय घसरला. कॉलेजने तेवढंच जाहीर केलं. आता अमेरिकन माणसाला उन्हाळ्यात, जर्मनीत, समारंभात, पाय घसरला असं सांगितल्यावर तो काय समजणार? बिअर! पहिल्या दिवशी सगळे हळहळले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, किती प्याला होता? तिसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना ठाऊकच झालं. कुणाचा चुलतभाऊ जर्मनीत सैन्यात होता, त्याने म्हणे ऐकलं होतं. कुणी बिअरच्या तंबूतल्या टेबलावर नाचणाऱ्या माणसाचा फोटो लावून खाली 'आपला निक' असं लिहिलं. आमच्या घरात वाइनचा केकसुद्धा येत नसे! मी आईला वाचून दाखवताना शिव्या गाळायची, पण ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखायची. बसवाले एकटे किल्ला लढवत होते: पोरगं तसं नाही, थांबा जरा. त्यांचंही कुणी ऐकेना.

मग कोचचा फोन आला. दादाने कुबड्या भिंतीला टेकवून पॅसेजमध्ये उभ्यानेच घेतला. कोच म्हणाले, गावात फार बोललं जातंय, संघाला मदत करणारे बडे लोक मला विचारतायत, पुढच्या वर्षीच्या तुझ्या जागेचं मी काही बोलू शकत नाही. तू नेमकं काय करत होतास ते मला सांग. दादा म्हणाला, "घसरलो." एवढंच. फोन ठेवल्यावर मी त्याच्यामागे त्याच्या खोलीत गेले आणि जर्मनमध्ये त्याच्यावर ओरडले. सांगत का नाहीस? वेड लागलंय का तुला? तो पलंगावर बसला, पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला आणि म्हणाला, "आल्झो, मग काय सांगू? की माझ्या बाबांनी बास्केटबॉलच्या कोर्टवर नारळ फोडला? कशासाठी फोडला हे त्यांना कधी कळेल का? तुला माहितीये ना ते लोक कसे हसतात. आठ दिवसांत बाबांचं चित्र काढून लावतील तिथे. मला दारुडा म्हणू देत. बाबांना हसलेलं मला नाही चालणार." मला रडू आलं. मी सोळा वर्षांची होते आणि माझा भाऊ इतका चांगला आहे हे मला तेव्हाच कळलं. दार उघडंच होतं. बाबा पॅसेजमध्ये हातात लाकडी स्टूल घेऊन उभे होते. आंघोळीच्या वेळी पाय ठेवायला म्हणून त्यांनी तळघरात बसून ते बनवलं होतं, चारही कोपरे घासून गोल केलेले. त्यांनी ते खाली ठेवलं आणि गेले.

रविवारी दुपारी शांततेच्या वेळेत बाबा लॅपटॉपसमोर येऊन बसले. "सई, यात लिहायचं कसं?" मी दाखवलं. टोपणनाव घ्यायचं असतं म्हटलं तर म्हणाले, "टोपणनाव कशाला? मला नाव आहे." आणि त्यांनी पूर्ण नाव टाकलं. त्यांच्या कंपनीत एखाद्या ब्रेकमध्ये दोष निघाला की गाडी बनवणाऱ्यांना एक अहवाल पाठवायची पद्धत होती: काय घडलं, मूळ कारण काय, जबाबदार कोण, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. बाबांनी आयुष्यभर तेवढंच इंग्रजी लिहिलं होतं, तेव्हा चाहत्यांनाही तसंच लिहिलं. सन्माननीय समर्थकहो, मी निखिलचा पिता. आमच्याकडे कामाच्या सुरुवातीला कामाच्या जागी नारळ फोडतात, काम नीट व्हावं म्हणून. तो मी फोडला. मूळ कारण: नारळाचं पाणी जमिनीवर सांडलं आणि नीट पुसलं गेलं नाही. दुसरं कारण: मुलगा नको म्हणत असताना मी त्याला उडी मारायला सांगितलं. त्याने दारू घेतली नव्हती. पुरणपोळी घेतली होती. जबाबदार: मी. उपाय: यापुढे खेळाच्या जागेवर नारळ फोडला जाणार नाही. ते दोन बोटांनी टाइप करत होते आणि आई मागे उभी राहून पदर तोंडात धरून बघत होती.

मधेच देवधरकाकांचा फोन आला, नेहमीप्रमाणे चौकशीला. आईने सांगून टाकलं. काका घाईघाईने म्हणाले, "वहिनी, ठीक आहे, पण त्यात मंडळाचं नाव नको हं! उद्या जर्मन पेपरात आलं म्हणजे? हॉल मिळायचा नाही गणपतीला!" बाबांनी रिसीव्हर घेतला. "देवधर, मंडळाने नारळ फोडला नाही. मी फोडला." आणि ठेवून दिला. बाबांनी कुणाचा फोन असा ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी मला विचारलं, "आता कुठलं बटण?" मी दाखवलं. त्यांनी ते स्वतः दाबलं.

तिकडे सकाळ व्हायची होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा पानंच्या पानं भरली होती. अर्धे लोक हसत होते, हे खरं. दादा म्हणाला होता तसंच. बाकीच्यांना हे थोतांड वाटलं, नारळ म्हणे! हे वाचून आई उठली, देवधरकाकूंना फोन केला आणि त्यांच्या कॅमेऱ्यातला फोटो मागवून घेतला. फोटोत बाबा, हात डोक्याच्या वर, हातात शेंडीवाला नारळ, तोंड आनंदाने उघडं. मागे शाल पांघरलेला दादा कपाळाला हात लावून उभा. तो लावल्यावर थोतांड म्हणणारे गप्प झाले. आणि मग बसवाल्यांनी लिहिलं. त्यांनी लिहिलं की, मिस्टर पेंडसे, माझा मुलगाही खेळायचा. सीझनच्या आधी मीच त्याला शिडीवर चढवलं होतं, छपराची पन्हळ साफ करायला. पडला. हात मोडला, वर्ष गेलं. मी गावात सगळ्यांना सांगितलं की तो सायकलवरून पडला. तो अजूनही तसंच सांगतो, माझ्यासाठी. आज रात्री त्याला फोन करणार आहे. यानंतर तिथलं हसणं बदललं. हसत होतेच, पण बाबांच्या बाजूने. ज्याने तंबूचा फोटो लावला होता त्याने तो काढला आणि 'माफ करा, साहेब' असं लिहिलं. कोचनीही फोन केला. मला आधीच का नाही सांगितलंस, म्हणून दादाला झापलं, आणि जागा तुझीच आहे म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबरात पहिला सामना झाला, दादा सूट घालून, कुबड्या मांडीवर ठेवून बाकावर बसला होता, आणि विद्यार्थ्यांनी भरलेल्या त्या पूर्ण बाजूने हातात नारळ धरले होते. पुढे कितीतरी वर्षं त्या गावात पहिल्या सामन्याला नारळ न्यायची रीत पडली. दादाने फोनवर सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "आत फोडू नका म्हणावं त्यांना." दादा त्यानंतर एकच सीझन खेळला. बरा खेळला, उडायचा नाही. आता फ्रँकफर्टला असतो, मुलांना शिकवतो, आणि पाऊस यायच्या आधी त्याचा गुडघा सांगतो. मी आता आईच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे आणि ती नारळांची गोष्ट लोकांना सांगितली की सगळे खूश होतात. मला मात्र त्याच्या आधीचं एक आठवतं.

दादा परत जाणार त्याच्या आदल्या दिवसाचं. सत्कारात मिळालेलं ते श्रीफळ इतके दिवस देवासमोर तसंच पडून होतं. आईला ते स्वयंपाकात घालवेना, टाकवेना. दादा कुबड्या टेकत स्वयंपाकघरात आला, शेंडीला धरून ते उचललं आणि बाबांपुढे धरलं. आणि मराठीत म्हणाला, "बाबा, हा वाढवा. आईला वड्या करायच्यात." बाबा म्हणाले, "आई फोडेल." दादाने हात मागे घेतला नाही. "तुमचं काम आहे." किती दिवसांनी तो त्यांच्याकडे सरळ बघत होता. बाबांनी नारळ घेतला. आधी दादाला खुर्चीत बसवलं, पार दाराजवळ, आणि पाय त्या स्टुलावर ठेवायला लावला. मग सिंकमध्ये मोठं पातेलं ठेवलं, नारळ तळहातावर घेतला आणि कोयत्याच्या पाठीने हलके हलके, फिरवत फिरवत ठोकत राहिले, पातेल्याच्या वर. बारीक चीर पडली. सगळं पाणी पातेल्यात उतरलं. बाबांनी ते फुलपात्रात ओतून दादाला दिलं. त्यातलं अर्धं पिऊन दादाने उरलेलं त्यांच्यापुढे केलं, तेव्हा बाबांनी ते उभ्यानेच संपवलं.

मग त्यांनी खालच्या खणातून फडकं काढलं, गुडघ्यांवर बसले आणि फरशी पुसायला लागले. सिंकपासून दाराकडे, दादाच्या खुर्चीभोवती, स्टुलाच्या खाली. एक थेंबसुद्धा सांडला नव्हता. आम्ही तिघंही बघत होतो.

"बाबा," दादा शेवटी म्हणाला, "कोरडी आहे हो."

"असू दे," बाबा म्हणाले, आणि पुसत राहिले.